साल कुठे ठेवायचे

आमच्या शेवरखार गावात वर्ष दोनदा संपते: एकदा पंचांगात आणि एकदा बांधावर. पंचांगातले आपोआप संपते. बांधावरचे संपवावे लागते, आणि ते कसे संपवतात हे आधी सांगितल्याशिवाय पुढची हकिगत नीट कळणार नाही.

मांडव्याच्या बंदराकडून खाडीच्या काठाने आत चालत आले की आमची भातशेती लागते. ही जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. खाडी आणि खाचरे यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे आणि त्याच्या आधाराने गाव जेवते. बांधाच्या पोटात एक दगडी मोरी आहे. तिला उघाडी म्हणतात. उघाडीच्या खाडीकडच्या तोंडावर सागाची जड झडप टांगलेली आहे. ओहोटीला शेतातले पाणी झडप ढकलून बाहेर जाते. भरतीला खाडीचे पाणी तिला दाबून घट्ट बसवते. तिला माणसाच्या हाताची गरज नाही. किंबहुना कोणाचा हात तिला लागू नये यासाठीच गाव दर वर्षी एका माणसाकडे उघाडीची राखण देते.

शिमगा आटोपला की सारे गाव बांधाच्या डागडुजीला लागते. उघाडीच्या डोक्यावरचा एक खड्डा मात्र मुद्दाम शेवटपर्यंत ठेवतात. फाल्गुनी अमावास्येच्या दुपारी, पाणी उतरू लागले की, लहानथोर तेथे जमतात आणि एकेक जण आपले साल बोलतो. साल बोलण्याचे नियम जुने आहेत. स्वतःच्या तोंडाने बोलायचे नाही. घरातल्या, शेतातल्या एखाद्या वस्तूच्या तोंडाने बोलायचे. फार लांबवायचे नाही. बोलणाऱ्याला कोणी उत्तर द्यायचे नाही. बोलून झाले की आधी बोललेला माणूस त्याच्या हातात चिकणमातीचा गोळा देतो, तो गोळा खड्ड्यात बसतो, आणि ते साल सरते. सरलेले पुन्हा कोणी काढायचे नाही, भांडणात नाही, मरणातही नाही. आणि ज्याने साल बोललेले नाही, त्याचा हात बांधाच्या मातीला लागू द्यायचा नाही.

नवऱ्यांनी आपले दोष बायकोच्या चुलीकडून ऐकले आहेत. सासवांनी सुनेच्या पाट्यावरवंट्याकडून. ऐकून घरी गेले आहेत आणि दुसऱ्या दिवशी गुढी उभारली आहे.

मी स्वतः हे फार थोडी वर्षे पाहिले. पुण्याच्या तंत्रमहाविद्यालयात शिकलो, बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो, आणि पूल, मोऱ्या, धक्के बांधत तीन जिल्हे हिंडलो. फाल्गुन हा आमच्या कामाचा ऐन हंगाम. रजा मिळत नसे. माझी आई तिच्या शेवटच्या साली काय बोलली, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा रत्नागिरीकडे एका पुलाच्या पायात उभा होतो. मागाहून गावी आल्यावर विचारले, तर "बोलली ती, चांगलं बोलली," एवढेच उत्तर मिळाले. सरलेले काढायचे नाही हा नियम तिच्या मुलालाही लागू होता.

राज्य नवे झाले त्या वर्षी मी निवृत्त होऊन गावी परतलो. चावडीच्या पडवीत वाचनालय काढले. गोदीत कामाला असलेल्या गावकऱ्यांनी मुंबईहून एक लोखंडी कपाट मचव्याने पाठवून दिले. संध्याकाळी प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला आणि तो चालला, याचे मला आजही समाधान आहे. दुसऱ्या वर्षाच्या माघात, वर्गातले बहुतेक जण जोडाक्षरांपर्यंत आल्यावर, मी एक गोष्ट जाहीर केली. यंदा प्रत्येकाने आपले साल एका कागदावर लिहून आणायचे आणि बांधावर ते वाचून दाखवायचे. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी इतरांनी लिहायचे. मी ते सारे कागद शिवून कपाटात ठेवीन. पुढे कोणाला आपल्या आईचे शब्द हवे असतील, तर ते मिळतील.

साल बोलण्याच्या वेळी उघाडीच्या दगडावर बसण्याचा मान अंबाजीतात्यांचा. गावात मला नावाने हाक मारणारे तेवढेच एक उरले होते.

"दयाराम, बोललेलं कपाटात कसं ऱ्हाईल रं?" त्यांनी विचारले.

"राहत नाही, म्हणूनच लिहायचं, तात्या."

"बघ बाबा. तू पूल बांधलेस. तुला ठावं."

हे संमतीचे बोलणे आहे, असे मी समजलो.

आता धर्माजी आणि सोनाबाई यांच्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्या साली साऱ्या गावाचे लक्ष या बहीणभावांकडे होते.

धर्माजीकडे त्या वर्षी उघाडीची राखण होती. सोनाबाई त्याची धाकटी बहीण. गावातच दिलेली, आणि लवकर विधवा झालेली. तिची खाचरे उघाडीला लागून. आखाडी अवसेच्या दुपारी, मोठ्या उधाणाची भरती असताना, झडप बसलीच नाही. खारे पाणी आत आले आणि नुकतीच लावणी झालेल्या सोनाबाईच्या खाचरांत उभे राहिले. पावसाने नेमकी उघडीप दिली होती. रोप लाल पडले, मग करपले. इतरांचे थोडेफार गेले. तिचे सगळे गेले. ते वर्ष तिने मिठागरावर मजुरी करून काढले.

धर्माजीने सांगितले, "झडपेत ओंडका अडकला. वाहून आला असंल."

मी दुसऱ्या दिवशी ओहोटीला झडप पाहिली. बिजागरीच्या बाजूला, आतल्या फटीत, पाचर ठोकल्याची ताजी खूण होती. ओंडका अशी नेमकी खूण ठेवत नाही. गावाला तर तेवढ्या तपासणीचीही गरज नव्हती. धर्माजीच्या घरामागे तळे होते आणि त्यात जिताडे, हे खाडीचे चवदार मासे, नव्हते. आसपासच्या सगळ्यांच्या तळ्यांत होते. पावसाळ्यात जिताड्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात. झडप किलकिली ठेवली तर ती आत येतात आणि धरून तळ्यात सोडता येतात. हा मोह आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भरती चढण्याआधी पाचर काढली तर कोणाला कळतही नाही. त्या दिवशी आखाडी अवस होती, घरोघर कोंबडी शिजली होती, आणि पाचर वेळेवर निघाली नाही, एवढेच.

हे सर्वांना कळले होते, आणि कोणीच बोलत नव्हते. सोनाबाईने भावाला एकही प्रश्न विचारला नाही. मात्र दिवाळीत भाऊबीजेला तिने ताट केले नाही. धर्माजी नवे धोतर नेसून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसला होता, आणि अंधार पडल्यावर त्याच्या बायकोने त्याला जेवायला आत बोलावले. सोनाबाईला भाताचे दुःख होतेच. पण त्याहून तो ओंडका तिला अधिक लागला होता. भावाने एकदा खरे सांगावे, एवढीच तिची अपेक्षा होती. आणि खरे सांगूनही घर टिकवण्याची जागा आमच्या गावात एकच आहे.

म्हणून सगळे फाल्गुनी अवसेची वाट पाहत होते. त्या वाटेतच मी माझे कपाट आणून ठेवले, हे मात्र मला तेव्हा दिसले नाही.

शिमग्यानंतर एका संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर, धर्माजी मागे राहिला. पाटी काखेत धरून उभा होता.

"काका, मी लिवनार न्हाय."

"का? अक्षर चांगलं वळायला लागलंय तुझं."

"अक्षराचं काय न्हाय."

"मग कशाचं?"

त्याने पाटी दुसऱ्या काखेत घेतली. "आखाडापासून तोंडात धरून बसलोय, काका. अवसेला बोलून मोकळा व्हनार व्हतो. सगळं मनात जुळवून ठेवलंय. आता तुम्ही म्हनता कागदावर लिवा. कागद तुमच्या कपाटात. उद्या माझा नातू तुमच्याच वर्गात वाचायला शिकंल, आन् पयलं काय वाचंल?"

मी त्याला सांगितले की खरे लिहायला माणसाने भिऊ नये. हे वाक्य मी नोकरीत अनेक ठेकेदारांना मोजमापाच्या वेळी सांगितले होते, आणि तेथे ते योग्यही होते.

"लिवलं न्हाय, तर वाचायचं न्हाय," तो म्हणाला. "वाचलं न्हाय, तर मातीला हात न्हाय. आसंच ना?"

"मी नियम केलेला नाही, धर्माजी. नियम गावाचा आहे."

"व्हय. गावाचाच हाय." त्याने पाटी खाली ठेवली. "मग यंदा सोनीच्या दारावरनं खाली मुंडी घालून जायचं, दुसरं काय."

तो गेला. पाटी तशीच राहिली.

हळूहळू कागद जमा झाले. एका दुपारी मी ते घरी चाळत बसलो होतो. अक्षरे सरळ होती, ओळी ओळीत होत्या. शिक्षक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. माझी पत्नी कोकिळा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "वाचा तरी."

मी वाचले: "गेले साल सर्वांस सुखाचे गेले. पाऊस वेळेवर झाला. सर्वांनी एकोप्याने राहावे."

"दुसरं?"

"गेले साल चांगले गेले. पाऊस बरा झाला. गावात एकोपा आहे."

"अहो, तुमच्या वर्गातल्या सगळ्यांचं साल एकाच घरात गेलं की काय?" तिने सूप आपटले. "ठमीनं काय लिहिलंय? ती तरी काही बोलली असेल."

ठमीच्या जिभेला गाव टरकून असे. मागच्या साली ती नवऱ्याच्या चिलमीच्या तोंडाने बोलली होती आणि तो बिचारा बरेच दिवस शेतातल्या वाटेने ये-जा करत होता. मी तिचा कागद काढला. "आमची गाय काळी आहे. ती दूध देते. गाय फार उपयोगी आहे."

कोकिळा पुन्हा तांदूळ निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "आणि सोनाबाईचा?"

"तिनं दिला नाही. बांधावरच वाचीन म्हणाली."

अवसेच्या दुपारी आम्ही बांधावर जमलो. पाणी उतरले होते. खाडीचा चिखल उघडा पडून चकाकत होता. उघाडीतून शेतातले उरलेसुरले पाणी बारीक आवाज करत बाहेर जात होते. खड्ड्याशेजारी चिकणमातीचा ढीग, त्यात कालवलेला पेंढा. अंबाजीतात्या दगडावर बसले. मी कागदांची फाईल काखेत घेऊन त्यांच्या बाजूला उभा राहिलो. धर्माजी आला होता. पण तो ढिगापासून दूर, कांदळाच्या झुडपांपाशी, हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याच्या हातांकडे मीच नव्हे, सगळेच पाहत होते.

वाचन सुरू झाले. पहिल्याने सांगितले की पाऊस वेळेवर झाला. दुसऱ्याने सांगितले की पाऊस बरा झाला. मातीचे गोळे या हातातून त्या हातात जात होते, पण एरवी गोळा घेताना जी नजरानजर होते ती होत नव्हती. वाचणारा कागदाकडे पाही, ऐकणारे खाडीकडे. ठमीने गाय वाचली.

"दूध किती देती?" मागून कोणीतरी विचारले.

"तुला कशाला पायजे? तू तर कोरा चा पितोस," ठमी म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. दोघेचौघे हसले, आणि पुढच्याने कागद उघडला. त्या बांधावर मी लहानपणी हसून हसून पोट धरलेले आठवते. मला वाटू लागले की एखादे काम आराखड्याप्रमाणे अगदी बिनचूक झाले आहे आणि तरीही ते उभे राहिलेले नाही.

मग सोनाबाई पुढे आली. तिने कागद दोन्ही हातांनी धरला आणि प्रत्येक शब्दावर थांबत वाचू लागली.

"मी उघाडीजवळचे खाचर. आखाडात माझ्या अंगावर हिरवे लुगडे होते. अवसेच्या दुपारी माझ्यावर खारे पाणी आले. पाण्याचा मला राग नाही. पाणी आपल्या वाटेने येते. वाट ज्याने केली..."

येथे ती थांबली. धर्माजीने मान वर केली नाही. सोनाबाईने कागदावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिले.

"काका, यो कागद कुठं ठेवनार तुम्ही?"

"कपाटात. जपून ठेवीन, बाई."

"किती दिस?"

"कागद टिकेल तोवर. कोरडा राहिला, कसर लागली नाही, तर पन्नास वर्षं सहज टिकेल."

"म्हंजे माझं साल पन्नास वर्षं कपाटात बसनार." तिने रागाने नव्हे, हिशेब समजावून घ्यावा तसे विचारले. "मग त्ये सरनार कधी?"

खालून उघाडीच्या पाण्याचा आवाज येत होता. आयुष्यभर मी कनिष्ठांना एकच गोष्ट बजावत आलो होतो: नुसता बांध घालू नका. बाहेरचे पाणी तो अडवील, पण आतल्या पावसाचे काय? त्याला वाट ठेवली नाही, तर ते आत साठते, आणि मग बांध आतून फुटतो. समुद्राने फोडलेल्या बांधांपेक्षा असे फुटलेले बांध मी जास्त पाहिले आहेत. आणि माझ्याच गावात, आजोबा-पणजोबांनी ठेवलेल्या उघाडीच्या तोंडावर, मी एक लोखंडी कपाट आणून टेकवले होते.

मी फाईलची गाठ सोडली.

"तात्या," मी विचारले, "बांधाच्या मातीत कागद घातला, तर चालतो का?"

"पेंढा घालतोच की आपन," अंबाजीतात्या म्हणाले. "कागद त्याच्यापरीस मऊ."

मी खड्ड्यापाशी बसलो आणि सगळे कागद आत ठेवले. पाऊस वेळेवर झालेले, बरे झालेले, एकोप्याचे, सगळे. माझाही त्यांत होता. त्याला मी समासही आखला होता.

"माझी गाय पन?" ठमीने विचारले.

"गाय पण."

"सुटली बिचारी." ठमीने पदर खोचला. "मग आता खरं बोलते. तात्या, एकदा वाचलं त्ये धरू नका. मी ठमीच्या घरचा खराटा हाय. धनी ज्या सांजेला ताडीच्या वासानं घरी येतो, त्या सांजेला माजी जागा बदलती. आजवर त्याला मी गावलो न्हाय, आन् त्यो बी शोधत न्हाय, कारन गावलो तर उचलून माझ्याच मालकिनीच्या हातात द्यावा लागंल, हे त्याला ठावं हाय."

तिच्या नवऱ्याने टोपली डोक्यावर उपडी धरून तोंड झाकले. माणसे हसली, आणि ते हसणे मला ओळखीचे वाटले. ज्यांनी वाचले होते, ते एकेक करून पुन्हा पुढे येऊ लागले. एकाचे जाते बोलले, एकाचे मोडके वल्हे. मातीच्या गोळ्याबरोबर आता नजराही फिरत होत्या. सोनाबाई मात्र कागद हातात धरून आपल्या जागीच उभी होती. तिची पाळी पुन्हा आली, तेव्हा तिने कागदाची घडी घातली, खड्ड्यात ठेवली, आणि उभी राहून बोलली.

"खाचर म्हनतं, मिठाचं काय न्हाय. दोन पावसांत धुवून जाईल. ओंडक्याची गोष्ट तेवढी पावसानं धुत न्हाय."

"बोललीस. सरलं," तात्या म्हणाले.

तिच्या हातात गोळा आला, तिने तो बसवला. आता पुढे कोण, हे कोणी विचारले नाही. धर्माजी झुडपांपासून निघाला आणि चिखलातून सरळ चालत आला. ढिगाच्या अलीकडे एक पाऊल थांबला. हात अजून पाठीमागेच होते.

"मी उघाडीची झडप," तो म्हणाला. "मला हात न्हाईत, म्हनून मला लोकांच्या हातांची वळख हाय. आखाडी अवसेच्या सकाळी एक हात आला. वळखीचा. चैतापासनं मला तेल लावनारा. त्यानं माझ्या फटीत पाचर मारली. म्हनला, वाईच उघडी ऱ्हा, जिताड्याची पिल्लं येऊ देत, भरती चढायच्या आत काडतो. मी उघडी ऱ्हायले. त्यो घरी गेला. कोंबडी खाल्ली, घोट घेतला, निजला. भरती काय निजत न्हाय."

तो पुढे बोलेना, म्हणून मला भीती वाटली की तो येथेच थांबेल. आणि येथे थांबला असता तर नियमाने ते पुरेही झाले असते. पण त्याने मान वर केली.

"ओंडका न्हवता. मला जल्मात कधी ओंडका अडकला न्हाय. पाचर व्हती. पयल्या दिसापासनं पाचरच व्हती."

"बोललास," अंबाजीतात्या म्हणाले. नेहमीपेक्षा थोडे हळू. "सरलं."

त्याच्या आधी सोनाबाई बोलली होती, तेव्हा गोळा तिनेच द्यायचा होता. ती ढिगाशी वाकली. तिने लहान गोळा घेतला नाही. दोन्ही हातांनी मातीचा मोठा लपका उचलला, पेंढ्यासकट, आणि त्याच्यासमोर धरला. धर्माजीने पाठीमागचे हात सोडवले.

"धर, दादा," ती म्हणाली. "जड हाय."

आखाडानंतर ती त्याच्याशी प्रथमच बोलत होती. धर्माजीने गोळा घेतला, गुडघ्यावर बसून खड्ड्यात बसवला, आणि आवश्यकतेपेक्षा बराच वेळ तो तळहाताने थापत राहिला. कोणी त्याला घाई केली नाही.

शेवटी माझी पाळी आली. तयार केलेला कागद मातीखाली गेला होता आणि दुसरे काही सुचवून ठेवलेले नव्हते.

"मी वाचनालयाचे कपाट," मी म्हणालो. "मुंबईहून मचव्यात बसून आलो. सगळ्या गावाचे साल गिळायचे, असा या वर्षी माझा विचार होता. घास तोंडापर्यंत आला होता. सोनाबाईने विचारले म्हणून बरे झाले, नाहीतर पन्नास वर्षे अजीर्ण झाले असते."

ठमी सर्वांत मोठ्याने हसली. धर्माजीने माझ्या हातात गोळा दिला, तेव्हा त्याचे हात ओले आणि गरम होते. मी तो बसवला. मला वाटते, माझ्या आईचे बोलणेही याच बांधात कोठेतरी असेल. मातीवर माती, सालावर साल. ते कोठे आहे हे मला ठाऊक नाही, पण तेथे आहे, एवढे त्या दिवशी पुरेसे वाटले.

काम संपले तेव्हा सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. राहिला होता तो येत्या सालच्या राखणीचा प्रश्न. उघाडी कोणाकडे द्यायची, हे तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, आणि सगळे नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहू लागले; ते जोखमीचे काम आहे आणि त्यात मिळत काही नाही.

"दादालाच द्या," सोनाबाई टोपली उचलत म्हणाली. "यंदा त्याच्याएवढा जागा कुनीच ऱ्हानार न्हाय."

"आन् जिताडं?" ठमी म्हणाली. "तळ्यात आलं का न्हाय एक तरी, एवढं..."

"ठमे," तात्या म्हणाले, "सरलं त्ये."

ठमीने तोंड मिटले. तिच्या आयुष्यात हे फार वेळा घडले नसावे.

ही हकिगत लिहावी असे मला पुढे वाटू लागले, तेव्हा मी तात्यांना भीतभीतच विचारले, कारण सरलेले काढायचे नाही हा नियम मीही पाळतो. ते म्हणाले, "गाव दुसरं कर. नावं दुसरी कर. मंग ती गोष्ट झाली. गोष्ट कुनाचंच साल नसती, तिला कपाटात ठेव न्हायतर पेपरात छाप." धर्माजीला आणि सोनाबाईलाही विचारले. सोनाबाई म्हणाली, लिहा, पण माझी खाचरं थोडी मोठी दाखवा. त्याप्रमाणे मी केले आहे.

त्या संध्याकाळी मात्र लिहिण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. माणसे घराकडे निघाली. मी बांधावर थांबलो. माझ्या पुढे थोड्या अंतरावर धर्माजी आणि सोनाबाई चालत होते. खाऱ्या जमिनीत कोणते बियाणे तग धरील यावरून त्यांचा वाद चालला होता. तो म्हणत होता, मी देतो बी. ती म्हणत होती, तुझं बी मला ठावं हाय, निम्मं पोचट. भाऊ गप्प बसत नव्हता आणि बहीण ऐकत नव्हती. ते मी अंधार पडेपर्यंत ऐकत राहिलो. तोवर भरती लागली. पाणी कांदळाच्या मुळांतून वर सरकले, उघाडीच्या तोंडापाशी आले, आणि झडप चौकटीवर घट्ट बसल्याचा आवाज झाला. मी कंदील लावला नाही. वाट पायाखालची होती.